उभी घंटा

"हा आमच्या गावचा कोंडवाडा," शरयू म्हणाली आणि तिने ओल्या दगडी भिंतीवर हात टेकला.

मी आत डोकावलो. कमरेइतक्या उंचीच्या चार भिंती, एक लाकडी फाटक, आत गुडघाभर गवत आणि तळ गेलेली एक बादली.

"सातासमुद्रापलीकडे येऊन कोंडवाडा पाहायचा?" मी म्हणालो. "साताऱ्यात पालिकेचा आहे की. त्यात निदान गाढवं तरी असतात."

"मग परत गेल्यावर जाऊन ये. ओळखीचं कोणी भेटेल."

माझी धाकटी बहीण बावन्न वर्षांची होती, विधवा होती, आणि आम्ही दोघे त्याच दुपारी इंग्लंड सोडून निघणार होतो. अशा सकाळी तिला विनोद सुचावा हे मी शुभलक्षण मानले. तिने खाली वाकून फाटकाची कडी लावली. आत कोंडायला काहीच नव्हते, तरी लावली.

"कडी कशाला लावतेस?"

"उघडी ठेवली तर मेंढ्या आपण होऊन आत जातात. आणि मग त्यांना बाहेरची वाट सापडत नाही."

या गोष्टीला आता वीस वर्षे होऊन गेली. ऑल्डरस्ली हे वेल्सच्या सीमेलगतचे, चाळीसएक घरांचे खेडे. प्रवासी पुस्तकांत त्याला एक ओळही मिळालेली नव्हती, आणि ते मला न्याय्यच वाटले होते. माझे मेहुणे डॉक्टर यशवंत सहस्रबुद्धे यांनी तिथे सत्तावीस वर्षे दवाखाना चालवला आणि त्या जानेवारीत ते हृदयविकाराने गेले. मूलबाळ नव्हते. शरयू त्या घरात एकटी राहिली. ऑक्टोबरात मी तिला आणायला गेलो.

मी मोकळ्या हाताने गेलो नव्हतो. मी अडतीस वर्षे महाविद्यालयात गद्य शिकवले. चांगल्या गद्यात प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याच्या खांद्यावर उभे असते आणि मधले एक काढले तर वरची सगळी कोसळतात, असे मी मुलांना सांगत असे. माझी बाजूही मी तशीच रचून नेली होती. एकटेपणा, प्रकृती, तिथला हिवाळा, परक्या देशातले म्हातारपण, साताऱ्याच्या घरातली पूर्वेकडची खोली, जी नलिनीने, म्हणजे माझ्या पत्नीने, तिच्यासाठी रंगवूनही घेतली होती. तीन संध्याकाळी मी बोललो. शरयू विणत बसे. तिसऱ्या संध्याकाळी तिने सुया खाली ठेवल्या आणि "बरं" म्हणाली.

त्यानंतरचे दिवस तिने मला गाव दाखवण्यात घालवले. गाव म्हणजे काय, तर कोणी मुद्दाम पाहायला जाणार नाही अशा जागा. एका शेतात एक गोल दगडी ढाबळ होती. आतून भिंतभर पारव्यांसाठी कोनाडे, आणि पारवे कधीच खाटकाकडे गेलेले. पुलाजवळ घुमटी छपराची एक कोठडी होती, तिला खिडकी नव्हती. पूर्वी बाजाराच्या दिवशी झिंगलेल्यांना तिथे रात्रभर टाकत. ओढ्याच्या काठी मेंढ्या धुण्याचे एक दगडी कुंड होते. त्याची वाट आत रुंद आणि पुढे इतकी चिंचोळी, की आत ढकललेल्या मेंढीला वळताच येऊ नये.

"तुमच्या गावात कोंडण्याखेरीज दुसरा उद्योग नव्हता का?" मी विचारले होते.

"होता ना. चर्च आहे, ते शेवटी दाखवते."

तो शेवट कोंडवाड्यानंतर आला. चर्चच्या आवारात पाच माणसे थांबली होती. त्यांतल्या दोघांची तिने ओळख करून दिली. मिस्टर प्रॉसर हे सफरचंदांच्या बागांचे मालक, उंच, ओठांत विझलेला पाइप. मिस प्यू या टपाल कार्यालयातून निवृत्त झालेल्या, वाळल्या शेंगेसारख्या बाई. उरलेल्या तिघांनी मान लववली.

"तर हे तुम्हाला घेऊन चाललेले भाऊ," मिस्टर प्रॉसर शरयूला म्हणाले. सगळे गाव तिला 'मिसेस एस' म्हणे, कारण सहस्रबुद्धे या आडनावापुढे त्यांनी पहिल्याच वर्षी शस्त्रे खाली ठेवली होती. "बरे दिसतात. मला वाटलं होतं, आणखी थोराड असतील."

"बोलायला लागले की होतात," शरयू म्हणाली.

मी तिच्याकडे वळून मराठीत विचारले, "हे काय चाललंय?"

"यशवंतांसाठी घंटा वाजवणार आहेत. त्यांच्या नावानं. हिवाळ्यात मनोऱ्याचं छत गळत होतं, म्हणून राहिलं होतं."

"किती वेळ?"

"फार नाही. तू वर बसून ऐक. असं कुणाला बसू देत नाहीत."

टॅक्सी अडीच वाजता घरी यायची होती आणि बारा नुकते वाजून गेले होते. घर चर्चच्या फाटकासमोर होते, आमच्या बॅगा दाराशी लागलेल्या होत्या. मी हिशेब केला आणि होकार दिला. मेहुण्यांच्या स्मृतीला अर्धा तास देणे हे माझे कर्तव्यच होते.

जिना गोल, अंधारा आणि इतका अरुंद होता, की माझे दोन्ही खांदे दोन्हीकडच्या दगडांना घासत होते. वरच्या पायऱ्यांवरून शरयूचा आवाज येत होता.

"देवळात आपण एकदा टोल देतो आणि आत जातो," मी खालून म्हणालो. "देवाला तेवढं पुरतं."

"इथला देव जड झोपेचा असेल."

वरची खोली चौकोनी होती. चुन्याचा, ओलसर लाकडाचा आणि वटवाघळांचा वास. छतातल्या सहा भोकांतून सहा दोर खाली आलेले, प्रत्येकाच्या मधल्या भागाला लाल-पांढऱ्या लोकरीची जाड पकड विणलेली. एक फटीएवढी खिडकी, तिच्याखाली बाक. आणि एकच दार, ज्यातून आम्ही आलो ते.

शरयूने कोट काढून खुंटीला अडकवला, साडीचा पदर कमरेला खोचला आणि ती दारासमोरच्या दोराखाली जाऊन उभी राहिली.

"तू?" मी म्हणालो.

"मग कोण? ही पाचवी. ही त्यांची होती. हे गेल्यापासून मी वाजवते. त्याआधी वीस वर्षं दुसरी वाजवायचे."

"तू हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. तू विचारतोस तेव्हा उत्तरासाठी नसतं रे, पुढच्या वाक्यासाठी असतं."

मी यावर काही बोलणार होतो, पण मिस्टर प्रॉसर मला त्या यंत्राची ओळख करून देऊ लागले. वर घंटा तोंड आकाशाकडे करून उभ्या ठेवलेल्या असतात. दोर ओढला की घंटा ढळते, पूर्ण फेरी घेते आणि पुन्हा वर येते. थांबवायची असेल तर वर आलेल्या त्याच क्षणी तिला किंचित पलीकडे जाऊ द्यायचे, म्हणजे ती उभी राहते. जोर कमी पडला तर ती परत खाली येते. जास्त झाला तर तिला अडवणारा लाकडी दांडा मोडतो आणि दोर वाजवणाऱ्याला घेऊन छताला जातो.

"गेल्या पिढीत एक पाद्री गेला होता," मिस प्यू म्हणाल्या. "वर, म्हणजे. देवाकडे नव्हे. पाय मोडला फक्त."

आणखी एक नियम होता. एकदा सुरू झाले की बोलायचे नाही. प्रमुखाच्या, म्हणजे मिस्टर प्रॉसर यांच्या, ठरावीक इशाऱ्यांखेरीज एक शब्द नाही. कोणी आत यायचे नाही, बाहेर जायचे नाही. कोणाची जागा दुसऱ्याने घ्यायची नाही. यातले काहीही मोडले किंवा एक घंटा थांबली, की सगळे वाजवणे रद्द. ते झालेच नाही असे समजायचे.

"अगदी शेवटच्या मिनिटाला चुकलं तरी?"

"तरी झालंच नाही," मिस्टर प्रॉसर म्हणाले. मग त्यांनी पाइप खिशात टाकला, दार लावले, आडणा सरकवला आणि सगळ्यांना उद्देशून मोठ्याने म्हणाले, "शेवटचं विचारतो. कोणाला झाडाआड जाऊन यायचं असेल तर आत्ताच. पुढचे तीन तास नाही."

मला वाटले, माझे इंग्रजी चुकले.

"शरयू, किती म्हणाले ते?"

ती दोर हातात घेऊन उभी होती. तिने मागे पाहिले नाही.

"शरयू, अगं टॅक्सी—"

"दोर हातात घेतल्यावर बोलायचं नसतं, दादा."

"सज्ज!" मिस्टर प्रॉसर ओरडले, आणि सगळ्यांचे हात वर गेले. मिस प्यू बारीक आवाजात म्हणाल्या, "पहिली निघाली," आणि दोर ओढत, "गेली."

मग खोली माझ्या हातातून गेली.

आवाज वरून आला असे म्हणणे अपुरे होईल. तो भिंतींतून, बाकातून, माझ्या दातांतून आला. प्रत्येक घंटेच्या आतल्या लोलकाला एका बाजूने चामड्याची गादी बांधलेली होती. मृतासाठी तशी बांधतात. त्यामुळे सहा टोल खणखणीत पडत आणि पुढचे सहा दबलेले, जणू कोणी डोंगराआड बसून तीच ओळ पुन्हा म्हणत होते. त्यात चाल नव्हती. होता तो केवळ क्रम, आणि तो दर खेपेला बदलत होता. पहिली मागे जाई, तिसरी पुढे येई, पाचवी तिच्या वाटेतून सरके, आणि कोणतीही ओळ दुसऱ्यांदा येत नव्हती. मला पाच मिनिटांत ते कळले आणि, खरे सांगायचे तर, आवडलेही. शब्दांची जागा बदलत राहूनही ज्याचा अन्वय तुटत नाही, अशा गद्यावरच मी जन्मभर लुब्ध होतो.

पण टॅक्सी अडीचला येणार होती.

मी परिस्थितीचे मुद्दे पाडले. मी उठून दार उघडले तर वाजवणे रद्द होईल. मेहुण्यांच्या नावाने गावाने मांडलेले हे एकच स्मारक, त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने मोडले असे होईल. मी उठलो नाही तर टॅक्सी जाईल, विमान जाईल, आणि शरयूचे 'बरं' आणखी किती दिवस टिकेल याची मला खात्री नव्हती. पहिला पक्ष लज्जास्पद होता, दुसरा विनाशकारी. दोन्ही पक्ष ऐकून घ्यायला तिथे कोणी नव्हते. अर्धा तास असल्या युक्तिवादात गेल्यावर मला एक साधी गोष्ट दिसली. दार शरयूच्या पाठीशी होते. तिचा दोर सुटून वर जाई आणि वेगाने खाली येई तो बरोबर त्या आडण्यासमोर. बाहेर जायचे तर तिला बाजूला ढकलल्याशिवाय मार्गच नव्हता.

म्हणजे तिने जागा विचारपूर्वक निवडली होती. निदान त्या वेळी मी तसेच मानले, आणि मला भयंकर राग आला. मी तीन संध्याकाळी सरळ मुद्दे मांडले, आणि तिने त्यांना उत्तर न देता मला अशा खोलीत आणून बसवले, की जिथे मुद्दा मांडणेच निषिद्ध!

मनोरा डुलत होता. हा भास नव्हता. बाकावर ठेवलेल्या मिस प्यूंच्या थर्मासमधले काहीतरी दर फेरीला आत आपटत होते. माझी बोटे बाकाच्या कडेला रुतली होती. बोलता येत नसेल तर माणसाने तोंडाचे काय करावे हे मला कळेना. मी मनातल्या मनात तिला उद्देशून वाक्य जुळवी, चांगले, तोललेले वाक्य, आणि कर्मापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच पाचवी घंटा त्यावर पडे.

मग दुसरे काही करता येईना म्हणून मी तिच्याकडे पाहत बसलो.

तिचे लग्न मी जमवले होते. वडील तेव्हा अंथरुणाला खिळले होते, आणि डॉक्टरांचे स्थळ परदेशचे म्हणून तिला नको होते. मी चार संध्याकाळी तिच्याशी बोललो होतो. त्याही वेळी ती शेवटी "बरं" म्हणाली होती. इथे आल्याच्या दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना तिने ते स्वतःहून काढले.

"तेव्हा तूच पटवून दिलं होतंस मला."

"मग? चुकीचं झालं का काही?"

"नाही ना! तेच तर. सोन्यासारखा माणूस होता. तुझं कधी चुकतच नाही, दादा."

ही कबुली समजून मी खूश झालो होतो. आता समोर तिचे हात दोराबरोबर वर जात होते आणि खाली येत होते, कपाळावर घाम होता, आणि नजर कोणा एकावर नव्हती. ती पाचही दोरांवर एकाच वेळी होती. हा चेहरा मी ओळखत नव्हतो. तिच्या चेहऱ्यावर दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी एक रेषा लहानपणापासून होती. ती त्या वेळी तिथे नव्हती.

सुमारे दोन तास झाले असतील. मी मान वळवून खिडकीच्या फटीतून खाली पाहिले. घरासमोर टॅक्सी उभी होती. पगडी बांधलेला एक जाडसर ड्रायव्हर दारावर थाप मारत होता. त्याने दोन पावले मागे येऊन वरच्या खिडक्या पाहिल्या, मग मनोऱ्याकडे पाहिले, कानात बोट घातले, आणि टॅक्सीच्या बॉनेटवर बसून डबा उघडला.

मी उभा राहिलो. बोललो नाही. नियम मोडला नाही. मी फक्त हात वर करून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवले, आणि मग खिडकीकडे.

शरयूने ते पाहिले. तिचे डोळे क्षणभर दोरांवरून सुटून माझ्यावर आले आणि परत गेले. पाचवी वाजली. पुन्हा वाजली. क्रम आणखी कितीतरी वेळा बदलला. मी हात तसाच धरून उभा होतो.

आणि मग पाचवी वाजली नाही.

जिथे तिचा टोल पडायचा तिथे एक भोक पडले. चौथी त्यात अडखळली, सहावी आदळली, एका दबलेल्या ओळीत तीन घंटा एकदम पडल्या. शरयू दोर दोन्ही हातांत धरून स्तब्ध उभी होती. दोर हलत नव्हता.

"उभ्या करा!" मिस्टर प्रॉसर ओरडले, आणि एकामागून एक सगळ्या थांबल्या.

ती शांतता कानांना दुखली.

"अरेरे," मिस प्यू म्हणाल्या. "अरेरे, अरेरे."

मी कोट उचलला. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. मी खूण केली, तिने पाहिली, तिने थांबवले. कर्ता, कर्म, क्रियापद.

"शहाणी आहेस," मी म्हणालो. "यांची माफी मी मागतो. तू कोट घाल, दहा मिनिटं गेली तर गेली, ड्रायव्हर जेवतोय."

शरयूने दोर हळूच सोडला, वळली, आडणा काढला आणि दार सताड उघडले.

"टॅक्सी आली आहे, दादा. तू जा. मी येत नाही."

"काय?"

"मी येत नाही."

"मग थांबवलंस कशाला?"

तिने पदराने कपाळ पुसले. "तुला अडवलं होतं म्हणून. मनात हेच धरून आले होते मी. तीन तास तू आत बसशील, टॅक्सी जाईल, विमान जाईल. पुढचं पुढे बघू. भांडायला नको, बोलायला नको. दोन तास मी आत बेरीज करत होते की अजून थोडंच राहिलं. मग तू घड्याळ दाखवलंस. म्हटलं, विमान चुकलं म्हणून राहिले तर ते राहणं कसलं? तू साताऱ्यात सांगशील, बिचारी अडकली. आणि मीही तेच सांगेन. जन्मभर."

"शरयू, हे अविचाराचं—"

"बोल. सगळं बोल. मी ऐकते."

ती बाकावर बसली. आणि मी बोललो. आजही माझे म्हणणे असे आहे, की ते माझे सर्वोत्तम विवेचन होते. मी एकही मुद्दा सोडला नाही. हिवाळा, गुडघे, रात्री छातीत दुखले तर कोणाला हाक मारणार, आणि आपली माणसे म्हणजे काय. आवाज चढवला नाही. पाचही जण तसेच उभे राहून ऐकत होते, एका शब्दाचाही अर्थ न कळता. मध्येच मिस प्यूंनी थर्मासमधून चहा ओतून मला दिला आणि मी तो बोलता बोलता घेतलाही.

माझे संपले.

"नाही," शरयू म्हणाली.

"यातला कोणता मुद्दा चुकीचा आहे?"

"एकही नाही."

"मग?"

"मग नाही."

मी वाट पाहिली. पुढे काही आले नाही. मला आयुष्यात अनेकांनी विरोध केला, आणि प्रत्येक विरोधात पकडायला काही ना काही होते, एखादी विसंगती, एखादा सैल शब्द. या वाक्याला कुठून धरावे हेच मला कळेना.

मिस्टर प्रॉसर यांनी खाकरून शरयूला विचारले, "भाऊ काय म्हणत होते?"

"घरी चल म्हणत होता."

"एवढंच?"

"एवढंच. तपशिलासकट."

"आणि तुम्ही?"

"मी नाही म्हटलं."

"हं. ते कळलं. ते छोटं होतं." त्यांनी पाचव्या घंटेच्या दोराकडे वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होते. दोन तासांचे श्रम गेले होते आणि ते त्यांनी लपवले नाही. "मी आधी म्हटलं, हात निसटला असेल. पण निसटलेली घंटा उभी राहत नाही. ऐन मध्यावर इतकी स्वच्छ उभी केलेली मी पाहिली नाही. डॉक्टरांना जमली नसती."

"मला माफ करा, मिस्टर प्रॉसर. त्यांचं वाजवणं मी मोडलं."

"झालंच नाही ते," ते म्हणाले. "नियम तसा आहे. झालंच नाही त्याची माफी कसली? चहा घ्या. पुन्हा पहिल्यापासून धरू. संध्याकाळपर्यंत उजेड आहे. मिस प्यू, तुमचे हात?"

"माझे हात माझे मी बघते," मिस प्यू म्हणाल्या. "या भावांची जीभ पुरली, तर माझे हात न पुरायला काय झालं?"

शरयू उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली. त्या खोलीत, त्या माणसांसमोर, घामेजलेल्या हातांनी. मी सवयीने हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि सवयीने तोंड उघडले. त्या क्षणी माझ्या लक्षात आले, की तिला जो आशीर्वाद मी सत्तावीस वर्षे दिला तो आता लागू नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरा माझ्यापाशी तयार नव्हता. अडतीस वर्षे भाषा शिकवणाऱ्या माणसाजवळ विधवा बहिणीला द्यायला एक वाक्य असू नये! माझा हात तसाच तिच्या केसांवर राहिला.

"असू दे," ती खालूनच म्हणाली. "वहिनींना सांग, खोली सुंदर रंगवली असेल. पाहुणी म्हणून येईन. उन्हाळ्यात."

मी जिना उतरलो. खाली येईपर्यंत वर बाक सरकल्याचा, कोणीतरी हसल्याचा आवाज येत होता. तिच्यावर हसत होते की माझ्यावर, हे मी थांबून ऐकले नाही.

ड्रायव्हर डब्याचे झाकण लावत होता. मला पाहताच तो बॉनेटवरून उतरला आणि हिंदीत म्हणाला, "आलात? हा सरदारजी थांबला म्हणून बरं. दुसरा कोणी असता तर गेला असता. सामान हेच ना?"

"ही एक बॅग. त्या दोन राहू द्या."

त्याने माझी बॅग ठेवली, मागचे दार उघडून धरले आणि माझ्या पाठीमागे रिकाम्या वाटेकडे पाहिले.

"मला दोन माणसं सांगितली होती. बाईसाहेब?"

"त्या येत नाहीत."

"तब्येत बरी नाही?"

"बरी आहे."

"मग काय झालं?"

माझ्याजवळ कारणे पुष्कळ होती. तिचा भावनावेग, गावाचा आग्रह, शोकात घेतलेला घाईचा निर्णय. त्यांतले कोणतेही एक सांगितले असते तरी त्याचे समाधान झाले असते, आणि माझेही.

"त्या नाही म्हणाल्या," मी म्हणालो.

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, पुढे काही येते का याची वाट पाहिली, आणि दार लावून घेतले.